आधी मौजे, मग माणूस: आयरिश पूर्वज शोधण्याची माझी रीत

माझे वडील तलाठी होते. सातारा जिल्ह्यात त्यांची सगळी नोकरी झाली. कुणी दारात येऊन "आजोबांची जमीन शोधायची आहे" म्हणालं, की ते आजोबांचं नाव विचारत नसत. आधी विचारत, "मौजे कोणतं?" मौजे सांगता आलं नाही तर माणसाला ओसरीवर बसवायचे, चहा द्यायचे आणि त्याच्याकडून हळूहळू काढून घ्यायचे: आजीचं माहेर कुठलं, जत्रेला कुठे जायचात, शेजारी कोण होते. नावाचे पन्नास मारुती निघतात, पण एका मौज्यातले दोनच, असं ते म्हणायचे.

लग्नानंतर मी मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलला आले. नवऱ्याकडचे सगळे मूळचे आयरिश. मुलगी पाचवीत असताना शाळेने वंशवृक्ष काढून आणायला सांगितला. माझ्या माहेरचा छापील कुलवृत्तांत आहे, त्यातून सात पिढ्या अर्ध्या तासात उतरून झाल्या. सासरच्या बाजूला सासऱ्यांची आजी आली आणि गाडी थांबली. सासऱ्यांना ती आठवत होती, तिच्या हातचा सोडा ब्रेड आठवत होता. पण ती आली कुठून, याचं उत्तर एका शब्दाचं: "मेयो". हे म्हणजे "आम्ही मूळचे रत्नागिरीचे" म्हणण्यासारखं झालं. मेयो ही पश्चिम आयर्लंडमधली एक अख्खी काउंटी, म्हणजे जिल्हा आहे आणि तिथून १८४५ नंतरच्या मोठ्या दुष्काळात आणि त्यानंतरच्या पन्नास वर्षांत माणसांचे लोंढेच्या लोंढे बाहेर पडले.

ती आजी, म्हणजे माझ्या मुलीची खापरपणजी, शोधायला मला तीन वर्षं लागली. आता तेच काम मी दोन-तीन महिन्यांत करून देऊ शकते. आपल्याकडची कितीतरी मुलंमुली आता अशा घरांत सुना-जावई म्हणून गेली आहेत आणि त्यांच्या मुलांना दोन्हीकडची मुळं हवी असतात. त्यांच्यासाठी ही रीत सविस्तर लिहिते.

मौजे समुद्राच्या अलीकडेच शोधायचं

पहिली चूक सगळेच करतात, मीही केली. आडनाव हातात घेऊन थेट आयर्लंडच्या नोंदींत उडी मारतात. तिथे एका काउंटीत एकाच नावाच्या वीस ब्रिजेट समोर येतात आणि त्यातली आपली कोणती, हे सांगणारं हाताशी काही नसतं. आयर्लंडमध्ये मौज्याला टाउनलँड म्हणतात. देशभरात असे साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत, काहींत तर पाच-सात घरंच. वर सिव्हिल पॅरिश, त्यावर बॅरनी, त्यावर काउंटी. आपल्याकडे मौजे, तालुका, जिल्हा, तशीच उतरंड. तुमचं सगळं काम त्या टाउनलँडच्या नावावर अडलेलं असतं, आणि ते नाव बहुतेक वेळा अमेरिकेतल्याच कुठल्यातरी कागदावर लिहिलेलं असतं.

म्हणून सुरुवात घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून. प्रश्न विचारताना "आजी कुठली?" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. "तिच्याकडे पत्रं कुणाची यायची? तिच्या मयताला बाहेरगावाहून कोण आलं होतं? तिची बहीण कुठे राहायची?" असं विचारा. माझ्या चुलत सासूबाईंकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मयताची प्रार्थनाकार्डं होती, कुणी गेलं की चर्चमध्ये वाटतात ती. त्यातल्या एकावर आजीच्या भावाचं नाव निघालं. आम्हाला कुणालाच तो ठाऊक नव्हता. पुढे सगळं त्याच्यामुळेच सुटलं.

मग मृत्यूचा दाखला. मॅसॅच्युसेट्सच्या दाखल्यावर आई-वडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावही बहुतेकदा असतं. आजी १९४७ मध्ये गेली, दाखला सिटी क्लार्कच्या कचेरीतून मिळाला. एक लक्षात ठेवा: दाखल्यावरची माहिती मेलेल्या माणसाने दिलेली नसते. खाली माहिती देणाऱ्याचं नाव असतं, ते आधी वाचा. मुलीने दिली असेल तर वजन वेगळं, जावयाने किंवा इस्पितळाने दिली असेल तर वेगळं. लग्नाची नोंद त्याहून भरवशाची, कारण तिथे वधूवर स्वतः हजर असतात. आजीचं लग्न लोवेलला १८९२ मध्ये झालं. त्या नोंदीत तिच्या आईचं माहेरचं आडनाव मृत्यूच्या दाखल्यावरच्यापेक्षा वेगळं होतं, आणि लग्नातलंच खरं निघालं.

चर्चची वही वेगळी मागायची. कॅथलिक लग्न असेल तर सरकारी नोंद आणि चर्चची नोंद अशा दोन नोंदी होतात, आणि एखादा कनवाळू पाद्री आयर्लंडमधल्या पॅरिशचं नावही लिहून ठेवतो. बॉस्टन आर्चडायोसिसच्या, म्हणजे तिथल्या कॅथलिक धर्मप्रांताच्या जुन्या वह्या बॉस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिऑलॉजिकल सोसायटीने ऑनलाइन आणल्या आहेत. ही संस्था १८४५ पासूनची आहे.

अमेरिकेची खानेसुमारी दर दहा वर्षांची, आणि ७२ वर्षं झाली की खुली होते. १९५० पर्यंतची आज बघता येते. १८९० ची जवळजवळ सगळी गेली, १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीमुळे. १९०० ते १९३० च्या खानेसुमाऱ्यांत देशात कोणत्या साली आलात हाही रकाना आहे. आजीचं साल १९०० ला १८८५, १९१० ला १८८७ आणि १९२० ला १८८४ असं लिहिलेलं आहे. यात खोटं कुणी बोललेलं नाही. दारात आलेल्या गणकाला कधी नवऱ्याने सांगितलं, कधी शेजारणीने. अशा वेळी मी तिन्हींच्या आगेमागे दोन वर्षं धरून शोधते.

फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ फुकट आहे, साल्ट लेक सिटीच्या मॉर्मन चर्चचं. ॲन्सेस्ट्रीला पैसे पडतात, पण इथल्या पुष्कळ सार्वजनिक वाचनालयांत ते बसून फुकट वापरता येतं. मी पहिलं वर्षभर तसंच केलं.

बाई सापडत नसेल तर तिचा भाऊ शोधा

आजीचे नागरिकत्वाचे कागद मी किती दिवस शोधत होते! नसणारच होते. १९२२ पर्यंत अमेरिकेत लग्न झालेल्या बाईचं नागरिकत्व नवऱ्यामागून जायचं, तिच्या नावाने वेगळा अर्ज क्वचितच असायचा. पण भाऊ, बहिणीचा नवरा, चुलतभाऊ यांचे अर्ज असतात. आणि सप्टेंबर १९०६ नंतरचा अर्ज म्हणजे सोनं आहे. त्याआधी नुसतं "आयर्लंड" लिहून भागायचं. नव्या नमुन्यात जन्मतारीख, जन्मगाव, जहाज, कोणत्या बंदरात कधी उतरलात, सगळं भरावं लागे. प्रार्थनाकार्डावरच्या त्या भावाने १९१० नंतर अर्ज केला होता. जन्मगावाच्या जागी कारकुनाने ऐकून लिहिलेलं एक वेडंवाकडं नाव होतं, पुढे "मेयो". ते वाचलं तेव्हा मी वाचनालयात मोठ्याने "मौजे!" म्हणाले. शेजारच्या माणसाला काही कळलं नाही.

गावाचं नाव मी इथे देत नाही, तिथे घरातली माणसं अजून राहतात. एवढं सांगते की घरात सगळे त्याला "नॉक" म्हणत, आणि सगळ्यांची समजूत होती की ते मेयोमधलं प्रसिद्ध नॉक. १८७९ मध्ये तिथे मेरीमातेचं दर्शन झालं असं मानतात, मोठं तीर्थक्षेत्र आहे. पण "नॉक" म्हणजे आयरिश भाषेत "क्नोक", टेकडी. आपल्याकडे जशा माळवाड्या आणि टेकवाड्या, तशी नॉकने सुरू होणारी गावं तिथे रानोमाळ पसरली आहेत. "किल" आलं की बहुधा देऊळ, म्हणजे चर्च. "डेरी" आलं की ओकचं रान. "बॅली" आलं की बऱ्याचदा वस्ती. ही चार उपपदं माहीत झाली की कारकुनाचं अशुद्धलेखन निम्मं सुटतं. उरलेलं लॉगेनम या सरकारी संकेतस्थळावर ताडून बघायचं, तिथे गावांची मूळ आयरिश नावं आणि जुनी स्पेलिंगं दोन्ही आहेत.

भाऊबहिणींचेही कागद लागले नाहीत तर आणखी दोन ठिकाणं सांगते, ती माझ्या फार जिव्हाळ्याची आहेत. "बॉस्टन पायलट" नावाच्या कॅथलिक वर्तमानपत्रात १८३१ ते १९२१ अशी नव्वद वर्षं हरवलेल्या माणसांच्या जाहिराती येत. बायको नवऱ्याला, आई मुलाला, भाऊ भावाला शोधतोय. माणूस ओळखता यावा म्हणून त्यात टाउनलँड, पॅरिश, काउंटी, निघाल्याचं साल, शेवटचं पत्र कुठून आलं, सगळं लिहिलेलं असतं. बॉस्टन कॉलेजने त्या जाहिरातींची शोधसूची फुकट ठेवली आहे. आपलं माणूस नाही सापडलं तरी एकदा वाचा. घर सोडणं म्हणजे काय असतं ते त्या चार-चार ओळींत आहे, आणि मी स्वतः घर सोडून आलेली आहे, त्यामुळे मला त्या भरभर वाचता येत नाहीत. दुसरं ठिकाण न्यूयॉर्कचं: १८५० साली निघालेली एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँक. खातेदाराची ओळख पटवायला बँक त्याचं मूळ गाव, जहाज, आईबाप, भावंडं लिहून घ्यायची. ती पुस्तकं न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत.

जहाजाच्या याद्यांवर फार आशा ठेवू नका. १८९० च्या आधीच्या यादीत नाव, वय, धंदा आणि देश, बस. त्यात पंचवीस "ब्रिजेट, १८, मोलकरीण" असतात. १९०७ नंतरच्या याद्या मात्र आवर्जून बघा, कारण मायदेशातल्या जवळच्या नातलगाचं नाव आणि पत्ता त्यांत असतो. आणि एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या ज्या बेटावर येणाऱ्यांची तपासणी व्हायची तिथे, कारकुनांनी नावं बदलली, ही घरोघरची गोष्ट खरी नाही. कारकून जहाजावरून आलेली, निघतानाच्या बंदरात लिहिलेली यादी घेऊन बसलेला असे. नावं बदलली ती माणसांनी स्वतः, पुढे राहता राहता.

ब्रिजेट, डिलिया, बेसी

आमची आजी बाप्तिस्म्याला ब्रिजेट, लग्नात डिलिया, १९१० च्या खानेसुमारीत बेसी. तिघी वेगळ्या समजून मी दोघींना बाजूला ठेवलं होतं. आयरिश घरांत ब्रिजेटची डिलिया होणं अगदी सर्रास आहे, शिवाय अमेरिकेत "ब्रिजेट" हे मोलकरणीचंच नाव असं लोक हिणवून बोलू लागले आणि पुष्कळजणींनी ते टाकलं. होनोराची नोरा किंवा हॅना होते, जेरेमायाचा डार्बी होतो. आपल्याकडे लग्नात बाईचं नाव बदलतं, त्यामुळे मला ही गोष्ट आधी सुचायला हवी होती. माझ्या आजीचीच माहेरची आणि सासरची नावं वेगळी होती.

आडनावातला "ओ" आणि "मॅक" तर येतो-जातो. एकाच बापाच्या एका मुलाला ओ, दुसऱ्याला नाही. काहींनी आयरिश आडनावाचं थेट इंग्रजी केलं: "मॅक गाव्हन" म्हणजे लोहाराचा मुलगा, त्याचे कुठे मॅकगोवन झाले, कुठे स्मिथ. चर्चच्या वह्या बऱ्याचदा लॅटिनमध्ये, तिथे जेम्स म्हणजे याकोबुस आणि विल्यम म्हणजे गुलिएल्मुस. आडनाव शोधताना पहिली तीन अक्षरं लिहून बाकी मोकळं ठेवलेलं बरं.

एक रीत मात्र आपल्यासारखीच आहे आणि फार उपयोगी पडते. पहिल्या मुलाला बापाच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला बापाच्या आईचं. सगळे पाळत नसत. पण पाळलेलं असेल तर मुलांची नावं क्रमाने लिहून काढली की आजोबा-आजींचा अंदाज बसतो. अंदाजच, पुरावा नाही.

आयर्लंडच्या कागदांत

३० जून १९२२ ला, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे सरकारी दप्तरखाना, स्फोटात आणि आगीत गेलं. जळक्या कागदांचे तुकडे शहरभर उडत होते. १८२१ ते १८५१ च्या खानेसुमाऱ्या त्यात बहुतेक संपल्या, आणि प्रोटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून जास्त वह्याही. १८६१ आणि १८७१ च्या सरकारनेच मोजणीनंतर नष्ट केल्या होत्या, आणि १८८१, १८९१ च्या पहिल्या महायुद्धात रद्दीत गेल्या. म्हणून "आयरिश नोंदी सगळ्या जळाल्या" असं तुम्हाला पुष्कळ लोक सांगतील. ऐकून घ्या आणि कामाला लागा. १९०१ आणि १९११ या दोन खानेसुमाऱ्या अख्ख्या उरल्या आहेत, नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, आणि १९११ चा अर्ज घरातल्या कर्त्याच्या स्वतःच्या अक्षरातला आहे. त्यानंतरची १८ एप्रिल १९२६ ची. तिला शंभर वर्षांचं कुलूप, म्हणजे एप्रिल २०२६ पर्यंतचं. कॅथलिक वह्या फोर कोर्ट्समध्ये नव्हत्याच, गावोगावच्या पाद्र्यांकडे होत्या, म्हणून वाचल्या. साधारण १८८० पर्यंतच्या वह्यांची पानं नॅशनल लायब्ररीने २०१५ पासून फुकट खुली केली आहेत. मेयोसारख्या गरीब पश्चिमेकडच्या वह्या उशिरा सुरू होतात, तेवढी मनाची तयारी ठेवा.

जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १ जानेवारी १८६४ पासून. कॅथलिक सोडून बाकीच्यांची लग्नं १८४५ पासून. आयरिशजीनिऑलॉजी या सरकारी संकेतस्थळावर शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीची लग्नं आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू मूळ पानाच्या चित्रासह बघता येतात. सूचीत गाव नसतं, युनियन असतं, म्हणजे गरिबांसाठीच्या कायद्याखाली पाडलेला विभाग. आमचं गाव स्विनफर्ड युनियनमध्ये. त्या काळातल्या सूचीत आईचं माहेरचं आडनावही नसतं, म्हणून त्या नावाच्या प्रत्येक मुलीचं पान उघडून आईचं नाव बघावं लागतं. मी १८६५ ते १८७० मधल्या चौदा ब्रिजेटची पानं उघडली. अकरावी आमची, १८६८ ची. आईचं आडनाव लग्नाच्या नोंदीतलंच, आणि टाउनलँड भावाच्या अर्जातलं, फक्त स्पेलिंग नीट.

तिच्या बाप्तिस्म्याची तारीख जन्माच्या तारखेच्या आधीची निघाली! घाबरू नका. नोंदीला उशीर झाला की दंड असायचा, म्हणून बाप जन्मतारीख पुढे ढकलून सांगायचे. खरी तारीख पाद्र्याच्या वहीतली. त्याच ओळीत गॉडफादर-गॉडमदरची नावं असतात, ती कधीही सोडू नका. ती बहुधा काका, मामा, मावशी असतात. आजीची गॉडमदर मला पुढे लोवेलमध्ये, आजीच्याच गल्लीत, खानेसुमारीच्या पानावर भेटली. आधी मावशी आली, मग भाची. आपल्याकडे गिरणगावात एक जण खोली धरायचा आणि मागून गाव यायचं, तसंच.

१९०१ ला आजीचे वडील ५८ वर्षांचे आहेत. १९११ ला ७५. दहा वर्षांत सतरा वर्षं वाढली, आणि हे घरोघरी दिसतं. कारण १९०९ च्या जानेवारीपासून सत्तरीच्या पुढच्यांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन सुरू झाली. १८६४ आधी जन्मलेल्यांकडे जन्माचा दाखला नव्हता, म्हणून वयाच्या पुराव्यासाठी लोक डब्लिनला कळवायचे आणि तिथला कारकून १८४१ किंवा १८५१ च्या खानेसुमारीत त्यांचं घर शोधायचा. त्या खानेसुमाऱ्या पुढे जळाल्या, पण शोधाचे अर्ज उरले. त्यात आईबापांची नावं आणि टाउनलँड आहे. तुमचं म्हातारं माणूस १९०९ नंतर हयात असेल तर हे अर्ज नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये नक्की बघा. १९११ च्या अर्जात आणखी एक रकाना आहे: लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, किती जगली. "११, त्यातली ९ हयात." म्हणजे आजीची आणखी भावंडं शोधायची आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

हा सातबाराच आहे

आता ज्या कागदाने मला वडिलांची आठवण करून दिली, तो. रिचर्ड ग्रिफिथ नावाच्या अधिकाऱ्याने १८४७ ते १८६४ मध्ये साऱ्या आयर्लंडची मोजणी आणि आकारणी केली. तिला ग्रिफिथचं व्हॅल्युएशन म्हणतात. खानेसुमाऱ्या गेल्यामुळे दुष्काळाच्या पिढीतली कुटुंबं शोधायला याच्याएवढं मोठं साधन नाही. आस्कअबाउटआयर्लंड या संकेतस्थळावर ते नकाशांसह फुकट आहे. रकाने बघा: कसणारा, ज्याच्याकडून जमीन घेतली तो, जमिनीचं वर्णन, क्षेत्र, आकारणी. क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये. चाळीस पर्चचा एक रूड, चार रूडचा एकर. आपला चाळीस गुंठ्यांचा एकर मनात धरला तर एक गुंठा म्हणजे चार पर्च. आजीच्या आजोबांकडे सहा एकरांच्या आत जमीन आणि एक घर होतं. जमीनदार भलताच, इंग्रजी नावाचा.

प्रत्येक नोंदीला नकाशावरचा आकडा असतो आणि घराला त्यापुढे अक्षर. म्हणजे तो आकडा नकाशावर बघितला की घर कुठल्या बांधाला होतं तेही कळतं. एका मौज्यात एकाच नावाचे दोघं असतील तर ग्रिफिथने बापाचं नाव किंवा ओळखीचा शब्द कंसात दिलेला असतो.

पुढची पायरी बहुतेक लोक चुकवतात. ग्रिफिथनंतर कसणारा बदलला की दुरुस्ती-वहीत जुनं नाव खोडून नवं लिहायचे, दरवेळी वेगळ्या रंगाच्या शाईने, आणि समासात साल. हा आपला फेरफार, गाव नमुना सहा! माणूस मेला, परदेशी गेला, जमीन मुलाच्या नावावर झाली, सगळं त्या रंगांत वाचता येतं. एखाद्या साली बापाच्या जागी मुलगा आला की त्याच्या एक-दोन वर्षं आधीचे मृत्यू बघायचे. आजीच्या आजोबांचा मृत्यू मला असाच सापडला. या वह्या डब्लिनच्या मूल्यमापन खात्याकडे होत्या, २०२३ मध्ये ते खातं "टाल्टे एरन" या सरकारी संस्थेत विलीन झालं, आणि उत्तरेकडच्या काउंट्यांच्या बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवल्या आहेत. ग्रिफिथच्या आधीचं बघायचं तर १८२३ ते १८३८ च्या टाइद वह्या, चर्चच्या करासाठी केलेल्या शेतकऱ्यांच्या याद्या. त्यात भूमिहीन माणूस सापडत नाही.

चुकीची ब्रिजेट कशी ओळखायची

पहिल्या वर्षी आठ महिने मी भलत्याच बाईच्या मागे होते. नाव तेच, काउंटी तीच, वय तेच. इंटरनेटवर कुणीतरी तयार वंशवृक्ष टाकला होता, त्यात ती आमच्या घराला जोडलेली होती, आणि मी विश्वास ठेवला. सासऱ्यांना छापून दिला, त्यांनी भिंतीवर लावला. मग १९०१ च्या आयरिश खानेसुमारीत तीच बाई मेयोमध्येच, लग्न होऊन, चार मुलांसह दिसली. तेव्हा आमची आजी लोवेलच्या गिरणीजवळ राहत होती. भिंतीवरचा कागद उतरवताना मला फार वाईट वाटलं. सासरे काही बोलले नाहीत.

तेव्हापासून माझा नियम असा: उमेदवार सापडला की आधी त्याला बाद करायचा प्रयत्न करायचा. ती लहानपणीच वारली का? तिथेच लग्न झालं का? १९०१ ला घरी आहे का? एवढं करूनही बाद होत नसेल तर तीन वेगवेगळ्या कागदांवर आईबाप आणि मौजे जुळतात का बघायचं. दुसऱ्याच्या वंशवृक्षातून फक्त सुगावा घ्यायचा, नाव कधीच उचलायचं नाही.

अशी गफलत फार मोठ्या ठिकाणीही झाली आहे. १ जानेवारी १८९२ ला एलिस आयलंड उघडलं, तेव्हा पहिली उतरली कॉर्क काउंटीची ॲनी मूर, "नेवाडा" जहाजातून. पुढे कित्येक वर्षं लोक टेक्सासला गेलेल्या एका ॲनी मूरला तीच समजत होते. २००६ मध्ये कागद ताडून बघितले तर टेक्सासची ॲनी जन्मलीच इलिनॉयमध्ये. खरी ॲनी न्यूयॉर्क सोडून कुठे गेलीच नव्हती आणि क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत तिच्या थडग्यावर दगडही नव्हता.

डीएनए चाचणीबद्दल मला सगळे विचारतात. "८२ टक्के आयरिश" या आकड्याचा शोधाला काही उपयोग नाही. उपयोग आहे तो जुळणाऱ्या नातलगांच्या यादीचा, आणि तोही कागद झाल्यावर. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची चाचणी आधी करा, त्यांची संमती घेऊन, कारण त्यातून दुसऱ्यांचीही गुपितं बाहेर येतात. आणि नागरिकत्वासाठी शोधत असाल तर आजी-आजोबांपैकी एक जण आयर्लंडच्या बेटावर जन्मलेला लागतो. पणजोबा असून भागत नाही, मध्ये आई किंवा वडिलांनी तुमच्या जन्माआधी नाव नोंदवलेलं असेल तरच.

हीच रीत बाकीच्यांना लागू पडते. जावेचं माहेर इटालियन. तिथे मौज्याच्या जागी कोमूने. ते कळल्यावर इटलीच्या सरकारी अभिलेखागारांच्या "अँतेनाती" या फुकट संकेतस्थळावर तिचं काम दोन रविवारांत झालं, कारण इटालियन बाई कागदावर जन्मभर माहेरचंच आडनाव लावते. जर्मन किंवा पूर्व युरोपातलं घर असेल तर हॅम्बुर्ग बंदराच्या १८५० ते १९३४ च्या याद्या बघा, त्यांत प्रवाशाचं राहतं गाव असतं. आणि मॉरिशसचे मराठी लोक आपले पूर्वज शोधतात तेही असंच. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या वह्या आहेत, त्यांत नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव. तिथून इकडे रत्नागिरीला येऊन कुणी गाव विचारलं, तर ओसरीवर बसवून चहा द्यायला विसरू नका.

सासरे ८१ वर्षांचे असताना आम्ही त्यांना तिथे घेऊन गेलो. ग्रिफिथच्या नकाशाची प्रत, घराचा आकडा आणि अक्षर, आणि टाउनलँडचं नाव मी वहीत लिहून नेलं होतं. रस्त्यावर एक शेतकरी भेटला. मी आडनाव सांगितलं तर तो म्हणाला, त्या आडनावाची इथे चार घरं आहेत. मी आजीच्या बापाचं आणि आजोबांचं नाव एकापुढे एक सांगितलं, तसा त्याने बांधाकडे हात केला. छप्पर नाही, भिंती कमरेएवढ्या, चुलीची दगडी चौकट मात्र शाबूत. सासरे उंबऱ्याच्या दगडावर बसले आणि त्यांनी मला नकाशा मागितला. चष्मा लावून आकडा स्वतः वाचला, मग अक्षर वाचलं, आणि तो कागद घडी करून खिशात ठेवला.